मागची खुर्ची

३ जून
अखेर ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात आलं! आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मीच पहिली, त्यामुळे आईने ते उलटसुलट करून पाहिलं आणि फोटोत मी चोरासारखी दिसते असं जाहीर केलं. आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून देते, पण आज माझ्या शर्टाची घडी तिने जरा जास्तच निगुतीने घातली होती.

विद्यापीठातल्या प्लेसमेंटच्या मॅडम म्हणाल्या होत्या, पदवी सगळ्यांकडेच असते, अनुभव दाखवा. सुट्टीतलं हे काम पूर्ण केलं की अनुभवाचं प्रमाणपत्र मिळेल. काम परत आलेल्या पार्सलांचं. फोन करून पत्ता तपासायचा, नवी चिठ्ठी लावायची आणि पार्सल पुन्हा पाठवायचं. माणूस सापडलाच नाही तर ‘या पत्त्यावर राहत नाहीत’ हा शिक्का.

शिकवायची इथली पद्धत साधी आहे. जुन्या माणसाच्या मागे खुर्ची टाकून बसायचं आणि तो करेल तसंच करायचं. माझ्या पुढे एक ताई बसतात. अंगात राखाडी स्वेटर, हसू खोकल्यासारखं.

९ जून
ताईंची फोनवरची वाक्यं मला आता पाठ झाली आहेत. साहेब खूश दिसतात. ताई मात्र आज हळूच म्हणाल्या, सगळं शिकू नकोस, एखादी चूक जवळ ठेव. मला वाटलं थट्टा करतायत. चूक कशी ठेवायची? माझ्या हातून चिठ्ठी तिरकी लागली तरी मला रात्रभर चुटपुट लागते.

१७ जून
चिकटपट्टी लावल्यावर ताई तिचं टोक कानासारखं दुमडतात. ते तेवढं मला जमत नव्हतं, आज जमलं. ताईंनी पाहिलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. हात गार होता.

“झालं ग बाई तुझं शिकून,” म्हणाल्या.

१८ जून
ताई आल्या नाहीत. साहेबांना विचारलं तर त्यांनी मलाच विचारलं, कोण ताई? त्या खुर्चीवर तर तुम्हीच बसता की. खुर्चीवर स्वेटर तसाच होता. एसीने कुडकुडायला झालं म्हणून घातला. अगदी माझ्या मापाचा निघाला.

घरी आई म्हणाली, हे असं खोकल्यासारखं हसायला कुठे शिकलीस?

२३ जून
माझ्या मागे एक नवी मुलगी बसायला लागली. तीही विद्यापीठातलीच, गोड बोलते. साहेबांनी बजावलं, प्रमाणपत्र हवं तर हिला पुरती तयार करा, काही हातचं राखू नका.

मला ताई आठवल्या. चिठ्ठी मुद्दाम चुकीच्या कोपऱ्यात लावून दाखवली. दुपारपर्यंतच तग धरला. फसवणं मला जमतच नाही. तिला बरोबर करून दाखवलं.

२७ जून
आज तिच्या शर्टाची घडी अगदी आईच्या हातची. विचारायचा धीर झाला नाही.

साहेबांनी माझ्या नावाने हाक मारली. आम्ही दोघीही वळलो. ते तिच्याशी बोलले.

डबा खाताना तिने सहज विचारलं, घरी गेल्यावर दारात काय म्हणतेस? मी सांगून टाकलं. ‘इस्त्रीवाल्या बाई आहेत का घरात?’ असं मी ओरडते, आणि आई आतून म्हणते, ‘आहेत, पण मूड नाही.’ ती हसली. खोकल्यासारखं.

मग लक्षात आलं — तिला न शिकवलेलं माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं.

३० जून
ओळखपत्र लावलं, दार उघडलं नाही. रोज “काय पोरी” म्हणणाऱ्या रखवालदाराने विचारलं, कोणाला भेटायचंय? काचेतून पाहिलं. माझ्या जागेवर ती, अंगात राखाडी स्वेटर. मागची खुर्ची पुसून ठेवलेली — आता नवीन कोणी —

मी विद्यापीठात धावले. मॅडमनी यादी पाहिली. म्हणाल्या, ती तर कामावर आहे, तिचं फार चांगलं चाललंय. तुम्ही तिच्या कोण?

३० जून, संध्याकाळ, जिन्यावर
दार आतून बंद. गरम इस्त्रीचा वास येतोय. आत कोणीतरी हसतंय.

दार वाजवलं. आमचं वाक्य म्हटलं. आतलं हसणं थांबलं.

मग आईने फटीतून पाहिलं. मी म्हटलं, आई, मी. ती माझ्याकडे बघत राहिली, अनोळखी बाईकडे बघावं तशी. नंतर अगदी मायेने म्हणाली —

“माझी पोरगी आलीय घरी, जेवतेय. तुम्ही पत्ता चुकलात का?”

तुम्ही. आईने मला तुम्ही —

दार लागलं. पुन्हा वाजवलंय. आईची पावलं येतायत. या वेळी असं काही सांगेन जे त्या मुलीला मी कधीच — जे फक्त आईला आणि मला —

आहे तसं एक. नक्की आहे. मी लहान असताना आई मला