राक्षसाला अण्णा म्हटल्यावर

कमठाणा, रविवार, १७ मे १९८७

निम्मी सुट्टी घालवून पुठ्ठ्यावर गुहेचा खेळ केला. फासा टाकायचा, राजपुत्र होऊन गुहेत शिरायचं, राक्षसाला मारून खजिना घ्यायचा. तो गुलबर्ग्याच्या छापखान्यात दाखवायच्या आधी आज घरच्यांना खेळायला बसवलं आणि कसा वाटला ते सांगा म्हटलं. कशाला विचारलं मी?

अक्काची सोंगटी गुहेशी पोचली. राक्षसाला म्हणते कशी, "अण्णा, जरा बाजूला सरक की." मी म्हटलं, अगं, तलवार मार! तर म्हणे, "अण्णा म्हणल्यावर मारतेत व्हय रे?"

नियमात असलं काही न्हाई म्हणून मी ओरडलो. पण खेळायला येऊन बसलेले शेजारचे शिवप्पाही तिच्याच बाजूचे. "मास्तर, त्याला कामून मारायलाव? आपल्याच दारात बसलाय की त्यो. खजिना बी त्याचाच दिसतो."

म्हणजे चोर कोण, राजपुत्र? आणि मी?

ते चहाला उठले तसा चिडून एकटाच खेळलो. सहा पडले. गुहेशी पोचलो, तलवार उचलली, आणि तोंडातून निघालं, "माफ कर, अण्णा."

झालं. सोंगटी गपचूप मागं फिरवली.