उलटी न होण्याचा बंदोबस्त

२ मार्च
लेकीचा, चिमीचा फोन. पोरगी शनिवारी परदेशी चालली, नोकरीला. त्याआधी दुपारी दोन तास तरी येऊन जा म्हणाली. घाटातली बस झेपेल ना, असंही विचारलं. म्हटलं, मला काही होत नाही. गेल्या वेळी तिच्या नव्या गाडीत झालं ते सीट कव्हरच्या वासाने.

३ मार्च
केमिस्टकडून प्रवासाची गोळी आणली. म्हणाला, निघण्याआधी तासभर घ्या, झोप येते, वर दारू नको, लघवीचा किंवा काचबिंदूचा त्रास आहे का, दुसरं काही औषध चालू आहे का. नाही म्हणून ठोकून दिलं. सर्दीची गोळी हे काय औषध झालं? बऱ्याच दिवसांत कुणी इतकं विचारलं नव्हतं. बरं वाटलं. उगाच एक कंगवाही घेतला.

५ मार्च
ट्रायल. गोळी घेऊन आरामखुर्चीत बसलो. मळमळ अजिबात नाही. शंभर टक्के गुण. मध्ये डोळा लागला, चिमीचे मिस्ड कॉल राहिले. कपाट आवरल्याचा थकवा असणार. (कपाट उद्या आवरायचं.)

६ मार्च
ही होती तेव्हा गोळी तीच द्यायची, अर्धी मोडून. अर्धीच का, कधी विचारलं नाही. मी अख्खी घेणार. चिमीशी बोलायचं ठरवून ठेवलंय: तिकडे एकटं वाटलं तर फोन कर. मला इथे वाटतं, ते काढायचं नाही.

७ मार्च, सकाळ
नाक गळतंय. जाताना पोरीला सर्दी कशाला द्या, म्हणून आधी सर्दीची गोळी, मग प्रवासाची. बस सुटली. पहिलं वळण, काही नाही. जिंकलो.

७ मार्च, संध्याकाळ, चिमीच्या घरी
कंडक्टरने हलवून उठवलं, चिमीने दंडाला धरून घरी आणलं, एवढंच आठवतं. बाकी तिच्या शेजारणीने सांगितलं. मी सोफ्यावर आडवा झालो तो झालोच. चिमी घाबरली. खिशातल्या दोन्ही पट्ट्या पाहून तिने डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दोन्ही एकाच जातीच्या, दोन्ही झोप आणणाऱ्या, एकत्र घ्यायच्या नसतात. झोपू द्या, पण कुणीतरी जवळ बसा. पोरगी अर्धवट भरलेली बॅग तशीच टाकून माझा हात धरून बसली होती म्हणे. टॅक्सी आल्यावर शेजारणीला माझ्याजवळ बसवलं आणि मला हाक मारली. मी ओ दिली, "बरं बरं" म्हणालो आणि कूस बदलली.

हात धरलेला तरी आठवायला हवा होता. फार वाईट वाटतंय.

उलटी मात्र एकदाही झाली नाही. तेवढं सांगावं म्हणून तिला फोन लावला. बंद आहे. विमानात बसली असेल.