पायगुण

प्रिय ढब्बू,

तुझ्या पोराचा दात पडल्याचं आईकडून कळलं. आत्याला तो दात बघायचाय, असं त्याला सांग. आईचा गुडघा आता तिला जिना चढू देतो. माझ्या लेकरांचं पुन्हा सूत जुळलं, आता मला काही नको, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते. खरंच की, एरवी वर्ष वर्ष फोन न करणारा तू गेल्या पावसाळ्यापासून दर रविवारी आठवणीने फोन करतोस. मीही रविवारी फोन जवळ घेऊनच भाजी निवडायला बसते.

आमच्या समितीचं काम तुला ठाऊक आहे. धरणातून वर्षभर किती पाणी सोडलं तर खाडी जगेल, हे ठरवायचं. नदीचं गोडं पाणी खाली उतरलं नाही की समुद्र आत चढतो, मचूळ पाण्यात वाढणारी माशांची पिल्लं मरतात, काठच्या विहिरी खाऱ्या होतात. तुमचं धरणाचं ऑफिस म्हणतं, सध्या सोडतो तेवढं पुष्कळ झालं. आमची मोजणीही तेच म्हणत होती. दर फेरीला पाण्याचा खारेपणा अगदी हवा तेवढाच. मला तर आनंदच होता, धरणाचे दरवाजे माझा भाऊ सांभाळतो ना.

पण मग जुन्या पुलाच्या खांबांना चिकटलेली कालवं दिसली, शिंपल्यांतली. गोड्या पाण्यात ती टिकत नाहीत, आणि इथे तर समुद्रापासून एवढ्या आत चांगली बोटभर वाढलेली. पाणी एक सांगत होतं, खांब दुसरंच. त्यात आमची होडीवाली हसत म्हणाली, "बाई, तुमचा पायगुण चांगला. तुम्ही यायच्या असल्या की पाणी गोड होतं." सगळे हसले. मीही हसले.

तेव्हापासून संशयाचं भूत मानगुटीवर बसलं. आम्ही कधी येतो हे वर धरणावर कुणीतरी कळवत होतं, आणि तेवढ्यापुरतं जास्त पाणी सुटत होतं. आधी ड्रायव्हरवर नजर गेली. कुठे जायचं ते मी त्याला गाडीत बसल्यावरच सांगायला लागले. त्याचा चेहरा उतरला. आता तो वाटेत माझ्यासोबत चहा घेत नाही. मग माझी सहकारीण. ती फोन घेऊन बाहेर गेली की मी उगाच खिडकीशी जायची. तिच्या बहिणीचं बाळंतपण जवळ आलं होतं, बाकी काही नाही. शेवटी मी फेरीची तारीख ऑफिसात कुणाला कळूच देईना. तरी पाणी गोडच.

म्हणजे तारीख आणखी कुणाला तरी कळत होती. कुणाला, हे सुचायला मला फार वेळ लागला, कारण तिकडे मन जातच नव्हतं. फोन ठेवताना तू न चुकता विचारतोस, "ताई, खाडीवर कधी येतेस? जमलं तर भेटू." मी सांगते. आणि ऐन वेळी तुझं जमत नाही.

गेल्या रविवारी मी तुला गुरुवार सांगितला. ढब्बू, गुरुवारी कुठलीच फेरी नव्हती, आणि तो वार मी तुझ्याशिवाय कुणालाही सांगितला नव्हता. मंगळवारी एकटीच बसने जाऊन पाणी मोजलं, खारट होतं. गुरुवारी मोजलं, गोडं. शनिवारी पुन्हा खारट. भरतीला दोष नको म्हणून तिन्ही वेळा ओहोटीलाच मोजलं. गुरुवारी काठावर उभी राहून मी मनात म्हणत होते, आज तरी खारट निघू दे.

सोमवारी मी समितीपुढे सगळं सांगणार आहे. आमची जुनी मोजणी रद्द करा म्हणणार आहे आणि तारखा माझ्या तोंडून फुटल्या हेही. तुला वरून हुकूम असेल, नोकरीची धास्ती असेल, हे मला कळतं. म्हणून त्याआधी तू स्वतःहून पुढे ये, एवढ्यासाठी हे पत्र हातोहात पाठवतेय. फोन मुद्दाम केला नाही. तू नुसतं "नाही गं ताई" म्हणाला असतास, तरी मी विश्वास ठेवला असता आणि खाडी तशीच मरू दिली असती. पाणी कुणाच्या सांगण्यावरून सोडलंस ते समितीला सांग. मला फक्त एवढं कळव, त्या सगळ्या रविवारांपैकी एखादा तरी फोन तू नुसता ताईला केला होतास का?

काहीही झालं तरी तुझीच,
ताई