जोडसायकल परत नेणेबाबत

भवानी पेठ, सोलापूर
दसऱ्यानंतरचा सोमवार

प्रिय सुबोधराव,

अनेक आशीर्वाद. तुमची तब्येत, वैदेहीची पाठ आणि ओवीचे दात (तारा निघाल्या का?) हे सगळे ठीक आहे असे धरून चालतो. इकडे तुमची प्रभाताई ठणठणीत आहे, नको तितकी. माझे गुडघे अजून जागेवर आहेत, एवढेच. पत्र पोस्टाने पाठवतो आहे, कारण फोनवर काहीही कळवले की तुम्ही अंगठा दाखवून मोकळे होता. मजकूर एकच: माझ्या निवृत्तीला तुम्ही पुण्याहून जी दोघांनी चालवायची सायकल धाडली, ती दिवाळीच्या आत येऊन घेऊन जावी. दिवाळीत प्रभाने पुन्हा नदीकाठी निघायचे ठरवले आहे, आणि ते मला सहन होणार नाही.

लोक निवृत्तीला शाल देतात, फार तर घड्याळ. मेहुण्याने सायकल द्यावी, तीही घोड्याएवढी लांब, हे फक्त आमच्याच नशिबी. जिन्याखाली मावेना म्हणून ती दिवाणखान्यात टीव्हीपुढे उभी होती. दोन महिने मी बातम्या चाकाच्या तारांतून पाहिल्या. शेवटी प्रभा म्हणाली, टाकळीच्या पुलापासून भीमेच्या काठाकाठाने हिळ्ळीपर्यंत जाऊ, तिथून वर मैंदर्गीला मावशींकडे. मी होकार दिला (झाली चूक). तेहतीस वर्षे कचेरीत काढलेला माणूस मी. कार्यक्रम टाइप करून तीन प्रती काढल्या. वजन कमी व्हावे म्हणून दात घासायच्या ब्रशांच्या दांड्यासुद्धा अर्ध्या कापल्या. पुढे मी बसणार हे उघडच होते. मागच्याला ब्रेक नाही, त्याचे हँडल वळत नाही आणि समोर फक्त पुढच्याची पाठ. अशी जागा घरात कोणाची, हा काय चर्चेचा विषय आहे?

आता माझ्या हुशारीचा नमुना ऐका. रजेची गर्दी नसते म्हणून मी नवरात्र निवडले. नवरात्रात सवाष्ण बाईला मागे बसवून गावोगाव फिरवायचे, याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही. पहिल्याच गावात एक बाई रस्त्यात आडवी आली आणि प्रभाला घरात घेऊन गेली. अर्ध्या तासाने प्रभा बाहेर आली ती कपाळभर कुंकू, खण, ओंजळभर गहू आणि एक नारळ घेऊन. पुढच्या गावात तेच. त्याच्या पुढच्या वस्तीवर चंद्रव्वा नावाची शेतकरीण तर हाताने बोलावत उसाच्या फडातून धावत आली, "बर्री अक्का, बर्री! रिकाम्या ओटीनं कुटं चाललाव?" मग दोघी चहाला बसल्या त्या उठेचनात. निम्मे कन्नड, निम्मे मराठी, आणि हसणे सगळे माझ्याकडे बघून. (मी बाहेर सायकल धरून उभा. तिला स्टँड का नाही, हे दुकानदाराला विचारून ठेवा.) ओटीतला नारळ परत देता येत नाही, टाकता येत नाही, आणि प्रभाच्या मते वाटेत फोडून खाणेही बरे दिसत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कॅरिअरवरच्या पिशवीत सात नारळ झाले. मी ब्रशाच्या दांड्या कापल्या होत्या, सुबोधराव!

म्हणून मी एक युक्ती केली. प्रभा घाटावर पाय धुवायला उतरली होती. जवळच शेंदूर फासलेला म्हसोबा होता. देवापुढे ठेवलेला नारळ टाकला असे कोण म्हणेल? चार नारळ त्याच्यापुढे ओळीने मांडले, नमस्कार केला आणि पिशवीत उशी कोंबून ती फुगीर केली. तीन किलोमीटर सायकल हलकी चालली. मग मागून मोटारसायकलचा हॉर्न आणि आरोळी, "ओ काका! बाईंची वटी घाटावरच राह्यली की!" बिरप्पा नावाचा तो परोपकारी इसम चारही नारळ घेऊन आला होता, आणि त्याच्या घरच्यांनी वरून पाचवा दिला होता. प्रभाने नारळ पाहिले, पिशवीतली उशी पाहिली, मग मला पाहिले. आवाज न चढवता म्हणाली, "उतरा. मागे बसा." नारळ माझ्या पाठीवर बांधले. तेव्हापासून मैंदर्गीपर्यंत आणि आजतागायत ती माझ्याशी चहा आणि गॅस सिलिंडर यापलीकडे बोललेली नाही.

मागच्या जागेबद्दल काय लिहू? पॅडल मारायचे आणि जिकडे नेतील तिकडे जायचे. अकरा नारळांनिशी मावशींच्या दारात उतरलो, तेव्हा त्यांनी मला हमाल समजून पाणी दिले. नदीचे म्हणाल तर ती गढूळ आहे, तिच्या काठी चिखल आहे आणि जागोजागी पाण्याच्या मोटारी घरघरत असतात. यासाठी शहाण्या माणसाने घर सोडू नये. तरी टेम्पो घेऊन यावे आणि ही पीडा न्यावी.

तुमचा,
वेणीमाधव

ता. क. टेम्पो ठरवला नसेल तर घाई करू नये.

ता. क. २. ठरवला असेल तर रद्द करावा. पुढे बसून मी फक्त खड्डे पाहिले होते. मागे बसल्यावर नदी दिसली. एका वळणावर शंभरेक बगळे एकदम उठले. आणि प्रभा सायकलवर गुणगुणते. दीड दिवस ती माझ्या मागे गुणगुणत असणार, पण पुढे माझेच बोलणे चालू होते. चौतीस वर्षांत मला हे माहीत नव्हते, याची लाज वाटते.

ता. क. ३. खरे काम हे. भीमा कृष्णेला मिळते तिथपर्यंत प्रभा दिवाळीत जाणार आहे, आणि मागे चंद्रव्वा बसणार आहे. दोघींचे रोज फोन चालतात. चंद्रव्वाला कन्नड येते, ती पॅडल मारते आणि घाटावर काही विसरत नाही, असे मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने सांगितले जाते. प्रभा तुमचे ऐकते. मागची जागा माझी आहे, एवढे तिला सांगा. नारळ कितीही होऊ देत, एकही खाली ठेवणार नाही.