कुरळे टाका, सरळ ठेवा

२ फेब्रुवारी, सोमवार

सेमिनारची तारीख लागली. १६, सोमवार. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधीचा शेवटचा, बाहेरचे दोन परीक्षक येणार. माझ्या गाईड मॅडमनी तिसऱ्या प्रकरणाचा खर्डा परत दिला. समासात पेन्सिलीने एकच शब्द : 'सुंदर.' मॅडमकडून 'चालेल'च्या वर मला आजवर काही मिळालेलं नाही. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी तेच आकडे पुन्हा मोजत बसलेय.

३ फेब्रु.

आईला फोनवर पुन्हा समजावलं. माशीचा पंख घडत असताना पेशीला शेजारून निरोप येतो : इथे शीर काढ. निरोप घेणारा रिसेप्टर पेशीच्या अंगावर बाहेर असतो. निरोप मिळाला की पेशी त्याला आत ओढते आणि मोडून टाकते. नाही मोडला तर तोच निरोप वाजत राहतो आणि पंखावर नको तिथे शिरा उगवतात. माझ्या माश्यांत हे मोडणारं जनुकच बिघडलेलं. तरी निम्म्या माश्यांचे पंख स्वच्छ! म्हणजे पेशीकडे निरोप बंद करायची दुसरी वाट आहे. ती वाट म्हणजेच माझं तिसरं प्रकरण.

आई : "ते सारं ठीक आहे. पण तू फोन उचलून काऊन नाही रायली वं? वाशीमला येतं कधी?"

आईचा निरोप बंद करायची वाट मात्र कुठल्याच प्रकरणात नाही.

५ फेब्रु.

सायलीचे निकाल आले. शेजारच्या टेबलावरची सायली. पेपर पाठवण्याआधी माझा प्रयोग तिने पुन्हा करावा असं मॅडमचं म्हणणं होतं. तिच्या एकूण एक माशीच्या पंखावर जास्तीच्या शिरा. स्वच्छ पंख एकही नाही.

सा. अस्सल पेठेतली. म्हणाली, "माझ्या माश्यांना ती दुसरी वाट कुणी दाखवली नाही वाटतं. तुझ्या काय, दिवाळीच्या सुट्टीवर गेल्या होत्या?"

सगळे हसले. मीही. मग डबा उघडला आणि तसाच बंद केला. कारण गेल्या होत्या.

६ फेब्रु.

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं थांबेल.

गावी जाताना आम्ही सगळेच माश्यांच्या नळ्या थंड कपाटात ठेवतो. थंडीत त्या सावकाश वाढतात, आपण परत येईपर्यंत बाहेर पडत नाहीत. मी दिवाळीला ठेवल्या. डिसेंबरात मावसबहिणीच्या लग्नालाही. तिसऱ्या प्रकरणातल्या आकड्यांचे दोन्ही संच त्या माश्यांचेच.

आणि भिंतीवर लॅबचा नियम : कुरळे टाका, सरळ ठेवा. कुरळ्या पंखाची माशी म्हणजे जनुकाची एक प्रत धड, ती नको. सरळ पंखाची म्हणजे दोन्ही बिघडलेल्या, ती आपली. पण थंडीत वाढलेल्या माशीचा कुरळेपणा नीट उमटत नाही. कुरळी सरळ दिसते. हे मला माहीत आहे. मी इतरांना सांगितलंय!

म्हणजे माझ्या त्या निम्म्या स्वच्छ पंखवाल्या कदाचित नुसत्या धड माश्या. दुसरी वाट वगैरे काही नाही.

किंवा थंडीत ती वाट खरंच उघडत असेल. असू शकतं ना?

स्वच्छ पंखवाल्या काही मी जिवंत ठेवल्यात. आज त्यांची नळी उबदार कपाटात हलवली. पिल्लं उबेत वाढतील, त्यांचे पंख खोटं बोलणार नाहीत. एक प्रत धड असलेल्या माश्यांनाच कुरळी पिल्लं होतात. एक जरी कुरळी निघाली की प्रकरण संपलं.

८ फेब्रु., रविवार

बुधवार पेठेत जाऊन थर्मामीटर आणला. थंड कपाटाच्या आकड्यावर विश्वास नाही. ते बिघडलेलं असेल, आत तितकी थंडी नसेलच, अशी आशा.

दुकानदार : "ताप बघायचाय की फ्रिज?"

"माश्यांचं कपाट."

"मग माश्यांना विचारा की. पिशवी मिळणार नाही."

परत येऊन लावला. कपाट बरोबर आहे. इतकं चोख चाललेलं यंत्र पाहून आजवर कुणाला रडू आलं नसेल.

१० फेब्रु.

मॅडमच्या केबिनमध्ये सांगायचं ठरवून गेले. "स्लाइड्स झाल्या?" "हो." बाहेर. कर्वेनगरला रूमवर येईपर्यंत स्वतःला शिव्या.

सा. म्हणते, "सांग. नाहीतर सोमवारी परीक्षक सांगतील, चहा पिता पिता."

१२ फेब्रु.

सांगितलं.

मॅडम बराच वेळ पेन्सिलीला टोक करत होत्या. टोक आधीच होतं. मग, "पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हेच शिकवते. तुम्ही त्या तासाला कुठे होतात?"

तुम्ही. पहिल्या दिवसापासून मला 'अगं' म्हणत आल्या. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

मी विचारलं, सेमिनार रद्द करायचा का. "तुमच्या माश्यांनाच ठरवू द्या."

१४ फेब्रु., शनिवार

कोशांचा रंग गडद झाला. कवचातून पंख दिसतात, काळे, घडी घातलेले. कुरळे की सरळ, घडीत कळत नाही. तरी दिवसभर भिंगाखाली बघत बसले. वेड लागल्यासारखं.

भीती वाटते. वर्ष वाढेल, लोक हसतील, ते वेगळं. पण ती वाट मला आवडली होती. बिघडलेल्या पेशीलाही गप्प व्हायचा काही उपाय असतो, हे खरं असावं असं फार वाटत होतं. त्या वाटण्यानेच डोळ्यांवर पट्टी बांधली की काय.

आईचा फोन उचलला आज. काही बोलले नाही. ती म्हणाली, "बरं, नको बोलू. मी आहे इथं."

१५ फेब्रु., रविवार

लॅबमध्ये कुणी नाही. पहिली माशी बाहेर आली. फिकट, ओली. पंख चुरगळलेले, न उलगडलेल्या रुमालासारखे. बाहेर आल्या आल्या सगळ्यांचेच असे असतात. उलगडायला वेळ लागतो. थांबायचं.

तोवर हे लिहितेय.

दार वाजलं. मॅडम. रविवारी! पर्स खांद्याला तशीच. सेमिनारचं काही बोलल्या नाहीत. खुर्ची ओढली.

"निघाली का?"

"एक. पंख अजून मिटलेत."

"सरक गं जरा. मलाही बघू दे."

सरकले. त्या भिंगावर वाकल्या आहेत. उजवा पंख उलगडायला लागलाय, म्हणतात.