पहिल्या रांगेतील मधली खुर्ची एका संध्याकाळपुरती सोडण्याबाबत

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य अधिकारी,
नगर कार्यालय, धक्क्यासमोर,
पहिला मजला (तालमीच्या खोलीशेजारी).

विषय : श्रोतेपदावरून एका संध्याकाळपुरती सुटका मिळणेबाबत (अर्ज चौथा).

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचा 'निष्पक्ष श्रोता' नियम.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज आणि त्यांना आलेले एकच उत्तर, तीन वेळा.

महोदय,

१. अर्जदार हा कुलपे दुरुस्त करणारा असून बाजाराच्या गल्लीत त्याचे दुकान आहे. सतरा वर्षांपूर्वी वृंदगानाच्या निवडीसाठी त्याने एक गाणे म्हणून दाखवले असता गायनमास्तरांनी डोळे मिटून बराच विचार केला आणि "आवाजाचं राहू दे, पण तुम्ही ऐकता फार छान," असा अभिप्राय दिला. अर्जदारास तेव्हा ते कौतुक वाटले. पुढे काय वाढून ठेवले आहे हे ठाऊक असते, तर त्याने निदान झांजा तरी मागून घेतल्या असत्या.

२. आपणांस स्मरत असेलच की, बँडवाले वृंदगानाच्या कार्यक्रमात ठरवून खोकले आणि वृंदगानवाल्यांनी बँडच्या कार्यक्रमात ठरवून जांभया देऊन त्याची परतफेड केली. त्यावर आपण नियम काढला की, कोणत्याही संचाचा सभासद नसलेला किमान एक श्रोता हजर असल्याशिवाय पडदा उघडू नये. नियम चांगलाच होता. परंतु हे बेट ते केवढे, आणि इथल्या माणसांची हौस ती केवढी! बेकरीवाला ढोलावर बसला, डॉक्टर वृंदगानात गेले, बोटीचे तांडेल नाटकात राजा झाले, आणि खुद्द आपण क्लॅरिनेट हाती घेतलेत. बाहेरचे पाहुणे येतात ते दुपारच्या बोटीने परत जातात. गेल्या वर्षी एका पाहुण्याची बोट चुकली तेव्हा अर्जदाराने त्यांस आनंदाने घरी उतरवून घेतले; परंतु तिसऱ्या दिवशी ते ट्रंपेट शिकू लागले. आज रोजी या बेटावर श्रोता म्हणावा असा अर्जदार एकटाच उरला आहे.

३. अर्जदारास गाण्याबजावण्याचा कंटाळा आहे, असा कृपया समज करून घेऊ नये. शाळेच्या बाईंनी व्हायोलिनवर पहिला सूर लावला की आजही त्याच्या अंगावर काटा येतो. मात्र गेल्या वर्षी त्याने दोनशे अकरा कार्यक्रम ऐकले. उजव्या हाताचा तळवा टाळ्यांनी इतका निबर झाला आहे की बारीक कुलपातील खिट्टी त्यास जाणवत नाही. एकाच संध्याकाळी सभागृहात नाटक आणि शेजारच्या वाचनालयात व्हायोलिन असे दोन कार्यक्रम ठेवले गेले, तेव्हा अर्जदारास मधल्या दारात स्टुलावर बसवण्यात आले. डाव्या कानाने व्हायोलिन ऐकून त्याने मनापासून टाळ्या वाजवल्या. नेमका त्याच क्षणी उजवीकडे राजा मरत होता. टाळ्या ऐकून राजा उठला, त्याने वाकून नमस्कार केला, आणि उरलेले दोन अंक रद्द करावे लागले. तांडेल त्या दिवसापासून अर्जदारास बोटीत मागे, इंजिनाजवळ बसवतात.

४. नोव्हेंबरात अर्जदार तापाने अंथरुणास खिळला असता, "तुम्ही येऊ नका, आम्हीच येतो," असे म्हणून बावीस जणांचा बँड त्याच्या दोन खोल्यांच्या घरी आला. ट्रॉम्बोनची नळी खिडकीबाहेर काढावी लागली व ती गल्लीतून जाणाऱ्या शिंपीणबाईंच्या टोपलीत अडकली. डॉक्टरांनी नाडी पाहून विश्रांती सांगितली, मात्र ती मध्यंतरानंतर घ्यावी असे बजावले.

५. हे सर्व अर्जदाराने तीन वेळा लेखी कळवले. तिन्ही वेळा आपल्या कार्यालयाकडून उत्तर आले की, "आपला अर्ज वाचून आनंद झाला. पुढील कार्यक्रमास अवश्य यावे." चौथ्या वेळी असे होऊ नये म्हणून खरे कारण, जे अर्जदाराने आजवर संकोचापोटी लिहिले नव्हते, ते आता लिहीत आहे.

६. अर्जदाराची पत्नी ही वृंदगानातील मुख्य गायिका आहे, हे आपण जाणताच. डॉक्टरांनी तिला घशाच्या दुखण्यामुळे गाणे कायमचे बंद करण्यास सांगितले असून दोन मार्चचा कार्यक्रम हा तिचा शेवटचा आहे. त्या दिवशी ती बोटीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या दोघांचे गाणे म्हणणार आहे. त्यातील पुरुषाचा भाग अकरा वर्षे पोस्टमन म्हणतात, आणि ते चांगलेच म्हणतात. परंतु अर्जदार दुकानात कानस चालवताना तोच भाग पुटपुटत असतो आणि मागच्या स्वयंपाकघरातून पत्नी पुढची ओळ उचलते. असे अकरा वर्षे चालू आहे. दोघांपैकी कुणीही त्याविषयी अवाक्षर काढले नव्हते. गेल्या मंगळवारी भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "शेवटचं तुमच्याबरोबर म्हणायचं होतं हो, पण मग ऐकणार कोण?" त्या दिवशी त्याने एकच कुलूप तीन वेळा खोलले आणि तीन वेळा चुकीचे जोडले.

७. पोस्टमनांना विचारले असता ते क्षणभर हिरमुसले, मग त्यांनी आपली वही अर्जदाराच्या हाती ठेवली. गायनमास्तरांनी पुन्हा डोळे मिटले, परंतु या वेळी नाही म्हटले नाही. आता अडचण फक्त खुर्चीची आहे. अर्जदार मंचावर गेला की नियमाप्रमाणे पडदा उघडता येत नाही.

८. सबब विनंती की, आपण दोन मार्च रोजी एका दिवसापुरता बँडचा राजीनामा देऊन अर्जदाराच्या जागी बसावे. आपल्या क्लॅरिनेटच्या एक्केचाळीस कार्यक्रमांना अर्जदार हजर होता. दुसऱ्या कडव्यात आपला श्वास नेहमी संपतो, तिथे त्याने दर वेळी टाळ्या वाजवून वेळ निभावून नेली आहे. हे उपकार म्हणून लिहीत नाही, केवळ नोंद असावी म्हणून लिहिले. तीन मार्चपासून अर्जदार आपल्या कामावर हजर होईल, व त्याची पत्नीही कोणत्याच संचात नसल्याने त्याच्या शेजारी बसेल. म्हणजे बेटावर श्रोत्यांची संख्या दुप्पट होईल. कृपया एक खुर्ची वाढवावी.

९. अर्जदाराचा आवाज कसा आहे हे गायनमास्तरांनी सतरा वर्षांपूर्वीच सांगितले आहे. आपण टाळ्या वाजवल्या नाहीत तरी चालेल. फक्त गाणे संपेपर्यंत उठून जाऊ नये.

आपला नम्र आणि दोन मार्चपर्यंत एकमेव,
(सही)
कुलूपवाला
दिनांक : ९ फेब्रुवारी

सोबत :
१) डॉक्टरांचा दाखला (तालमीच्या मध्यंतरात दिलेला).
२) पोस्टमनांचे संमतिपत्र, हातपोच.
३) मधल्या खुर्चीवरची उशी. खुर्ची कडक आहे. उशी पत्नीने शिवलेली असून तीन मार्चला परत मिळावी.