पावणे जाईपर्यंत

बाबा, तुझ्या होडीचं सुकाणू सांभाळणारा तांडेल काका गेला. तुझ्यामागे बरीच वर्षं जगला, म्हातारपणही धड गेलं त्याचं. पण मेल्यावर त्याला मी दिवसभर अंगणात ताटकळत ठेवला. दुसऱ्या कुणाला सांगायची लाज वाटते, म्हणून तुला लिहायला बसलोय.

तू गेल्यावर मी होडी विकली आणि जागा दाखवायच्या धंद्यात शिरलो. खोटं कशाला बोलू, मला तो मानवला. डिझेलचेही पैसे सुटत नव्हते आपले. आता रेवसपासून किनाऱ्याने बंगलेच बंगले झालेत. आपल्या आळीतली निम्मी पोरं तिथं माळी, प्लंबर, वॉचमन आहेत, मीच लावलेली. पाणी घरात नळाने येतं. हंडे वाहून वाहून आई कशी वाकली होती ते आठवलं, की बिल्डरला शिव्या घालणाऱ्यांचा मला रागच येतो. मग होड्या ओढायची आपली वाट कुंपणात गेलेली दिसते.

त्या दिवशी मुंबईचं एक जोडपं लाँचने येणार होतं, बंगल्याचा सौदा पक्का करायला. त्या बंगल्याच्या गच्चीतून समुद्र दिसतो, पण समुद्राआधी आपलं मसण दिसतं. मागच्या खेपेला बाईंनी विचारलं होतं, "ती पत्र्याची शेड कसली?" मी म्हटलं, "कोळी लोक जाळी ठेवतात." तुला त्याच शेडखाली ठेवला होता, बाबा. माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

आणि नेमका त्याच पहाटे काका गेला. मी काकीच्या पाया पडलो आणि तिच्या थोरल्या मुलाला बाजूला घेऊन म्हणालो, "पावणे यायचेत. ते जाईपर्यंत थांबाल काय?" वाटलं, हा माझी गचांडी धरेल. धरायलाच हवी होती. पण त्याची दोन्ही पोरं मी लावलेल्या नोकरीवर. "थांबताव ना, त्यान काय व्हतंय," तो म्हणाला. "बाय पन पनवेलशी येवाची हाय." बहीण तर त्याची केव्हाच येऊन आत रडत बसली होती.

एकदा ऐन पापलेटच्या दिवसांत शेजारची म्हातारी गेली होती. गावात मयत असलं की होडी सुटत नाही. मी बर्फाची पेटी उचलून कुरकुरतोय, "आपल्या घरातली थोरीच हाय?" तू पेटी हातातून काढून खाली ठेवतोस. "मानसाला अगोदर पोचवाचं. मासली कुठं पलून जात न्हाय." एवढंच बोललास आणि दिवसभर माझ्याकडे बघितलं नाहीस.

पावण्यांना मी शहाळी पाजली, गच्ची दाखवली, घरी नेऊन जेवू घातलं. ऊन उतरल्यावर ते गेले, मग काकाला उचलला. निघताना काकी मला म्हणाली, "जेवले का रं तुजे पावने? बरा झाला." टोमणा असता तर सोसला असता. ती खरंच विचारत होती.

सौदा झाला. हे लिहिलेलं कुणाला दाखवणार नाही, फाडून टाकीन. पण एक राहिलंच. अग्नी दिला तेव्हा सगळ्यांबरोबर मीही रडत होतो, आणि रडता रडता धूर कुठे जातोय ते बघत होतो. बंगल्यांकडे नाही, आपल्या आळीवर चालला होता. मला बरं वाटलं, बाबा.